असल, नक्कल आणि मुकाबला
केळझरच्या साधनांचीं छायाचित्रें कार्डावरून संगणकांत उतरवितांना

जुना कागद सांपडणें हें संशोधनाचें पहिलें पाऊल. तो कागद जसाच्या तसा दुसऱ्या अभ्यासकाच्या हातीं पोंचणें हें दुसरें. पहिल्या पावलाचें कौतुक पुष्कळ होतें, दुसऱ्याचा विचार थोडे करितात. गेल्या पंचवीस वर्षांत या दुसऱ्या पावलाची रीत अगदीं पालटली आहे. पूर्वीं संशोधक दप्तरापुढें मांडी घालून बसे व टांकानें नक्कल उतरवून घेई. आतां तो कॅमेऱ्यानें किंवा मोबाईलनें कागदाचें छायाचित्र घेतो, आणि रात्रीं मुक्कामावर तीं चित्रें मेमरी कार्डावरून संगणकांत उतरवितो. हें उतरविण्याचें काम दहा-पंधरा मिनिटांचें व यंत्राचें. त्यांत विद्वत्तेचा प्रश्न तो कसला, असा सर्वसाधारण समज दिसतो. आमचें मत याहून निराळें आहे. कार्डावरून संगणकांत चित्र उतरविणें ही एक नक्कलच होय, आणि मराठी दप्तरांत नक्कलेस जे नियम लागू होते ते येथेंही तितक्याच कडकपणें लागू करावयास पाहिजेत. ते न पाळले तर चित्र हातीं राहतें, पण त्यांतील पुरावा नाहींसा होतो. हा मुद्दा वर्धा जिल्ह्यांतील केळझर या एका गांवाच्या उदाहरणानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. केळझर व तेथील साधनें

केळझर हें सेलू तालुक्यांतील, नागपूर-वर्धा रस्त्यावरचें गांव. तेथील टेकडीवर सिद्धिविनायकाचें देऊळ असून विदर्भांतील अष्टविनायकांत त्याची गणना होते. अदासा, रामटेक, पवनी, कळंब, भद्रावती इत्यादि क्षेत्रें त्याच मालिकेंतलीं. महाभारताच्या आदिपर्वांत, लाक्षागृहांतून सुटल्यावर पांडव ज्या एकचक्रा नगरींत ब्राह्मणाच्या घरीं राहिले व जेथें भीमानें बकासुरास मारिलें, ती नगरी हीच, असें तेथील लोक परंपरेनें सांगत आले आहेत.

ही परंपरा आदरणीय आहे. परंतु हाच मान खानदेशांतील एरंडोल, बिहारांतील आरा आणि बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांतील एकचक्रा हीं गांवेंही आपणांकडे घेतात. परंपरेशीं परंपरा लढविल्यानें निकाल लागत नाहीं. तो लागलाच तर त्या-त्या ठिकाणीं मिळालेल्या वस्तूंवरून व लेखांवरून लागेल. आणि वस्तूची किंमत ती कोठें मिळाली यावर ठरते. याच जिल्ह्यांतील पवनारचें उदाहरण घ्यावें. पवनार हेंच वाकाटकांचें प्रवरपूर, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें, तें तेथील शिल्पें व ताम्रपटांतील उल्लेख यांच्या आधारें. पुढें रामटेकजवळ मनसर येथें १९९७ नंतर उत्खनन झालें आणि प्रवरपूर तें हें, असा दुसरा पक्ष उभा राहिला. तोही तेथें निघालेल्या वस्तूंच्याच आधारें. दोन्ही पक्षांचें सर्व बळ एकाच गोष्टींत आहे, ती ही कीं, अमुक वस्तु अमुक जागीं सांपडली याविषयीं शंका नाहीं.

आतां केळझरचें एखादें भग्न शिल्प, वीरगळ किंवा देवळाचा कोरीव दगड छायाचित्रांत आला, आणि संगणकांत जातांना त्याचें गांव सुटलें, तर राहिलें काय? विदर्भांत अशा शेंकडों दगडांपैकीं एक. तो केळझरचा कीं पवनारचा हें चित्रावरून सांगतां येत नाहीं. तीच गोष्ट कागदांची. या प्रांतांत नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींतले मोडी कागद जुन्या घराण्यांत असावयाचे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले आणि पुढच्या वर्षीं नागपूरचें राज्य कंपनी सरकारांत खालसा झालें. वर्धा हा जिल्हा स्वतंत्र झाला तो १८६२ मध्यें. त्यानंतर मध्यप्रांत, १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, अशीं या एका गांवाच्या माथ्यावरचीं नांवें बदलत गेलीं. म्हणून १८४० च्या सुमाराच्या कागदांत ‘जिल्हा वर्धा’ शोधणें व्यर्थ आहे. तेथें वेगळाच परगणा असणार. कागदांत काय लिहिलें आहे तें एक, आणि कागद आज कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं मिळाला तें दुसरें. पहिलें चित्रांत आपोआप येतें. दुसरें आपण लिहून ठेविलें तरच राहतें.

२. दप्तरांतील नक्कलेची शिस्त

आमच्या पूर्वजांस नक्कलेचें महत्त्व पूर्ण ठाऊक होतें. इनामाच्या सनदांच्या शेवटीं बहुधा एक कलम आढळतें: अंमलदारानें या पत्राची प्रत आपल्या दप्तरीं ठेवून मूळ पत्र भोगवट्यासाठीं इनामदारास परत करावें. या एका कलमांत तीन तत्त्वें सांठविलीं आहेत. असल एकच असते. नक्कल असलेवरून उतरावयाची व सरकारीं राहावयाची. आणि नक्कल झाल्यावर असल ज्याची त्याला परत द्यावयाची.

उतरलेली नक्कल तशीच स्वीकारीत नसत. असल व नक्कल समोरासमोर ठेवून एकानें वाचावें व दुसऱ्यानें पाहावें, हा मुकाबला. मुकाबला होऊन बरोबर ठरलें म्हणजे कागद रुजू झाला. लांब महजरांत अनेक बंद एकास एक चिकटविलेले असत. त्यांच्या सांध्यांवर पाठीमागें शिक्का उठवीत, हेतु हा कीं, मधला बंद काढून कोणी दुसरा घातला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळूं नयेत. शेवटीं हे कागद पुडक्यांत बांधून पुडकीं रुमालांत ठेवीत. रुमाल हें केवळ वस्त्र नव्हे. कोणता कागद कोणाच्या शेजारीं होता हें रुमालावरून कळतें, आणि तारीख नसलेल्या कागदाचा काळ कित्येकदां शेजाऱ्यावरूनच ठरतो. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. त्यांतील एखाद्या छापील पत्राविषयीं आज शंका आली तर पुण्याच्या दप्तरखान्यांत मूळ कागदाकडे जातां येतें, याचें श्रेय रुमालांच्या व्यवस्थेला आहे.

असल नाहींशी झाली म्हणजे काय होतें याचेंही उदाहरण आपणांपुढें आहे. राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापून प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. त्या प्रतीच्या भाषेविषयीं व पाठांविषयीं वाद पुष्कळ झाले, परंतु एखादें अक्षर पोथींत खरोखर कसें होतें, हें पोथी उघडून पाहण्याचा मार्ग बंद झाला आहे. छापील प्रत कितीही काळजीनें केलेली असो, मागें असल नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवणें किंवा न ठेवणें एवढेंच हातीं राहतें.

३. कार्ड म्हणजे काय

आतां नव्या साधनाकडे वळूं. डिजिटल छायाचित्राचा इतिहास फार लांबचा नाहीं. अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ मध्यें पहिला असा कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र दहा हजार बिंदूंचें होतें आणि तें टेपच्या कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. कॅसेटची जागा पुढें ज्या वस्तूनें घेतली ती फ्लॅश स्मृति. तिचा शोध जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांचा. त्यांनीं तो १९८४ मध्यें जगापुढें मांडला. वीज बंद झाली तरी या स्मृतींतील नोंद पुसली जात नाहीं. तिच्यावर आधारलेलें कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड १९९४ मध्यें निघालें, आणि आज सर्वत्र दिसणाऱ्या एस-डी कार्डाची घोषणा सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या तीन कंपन्यांनीं १९९९ मध्यें केली.

संशोधकाच्या दृष्टीनें कार्डाचे तीन गुण-दोष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, कार्डावरील चित्र ही आपल्यापुरती असल आहे. कागद घरमालकाच्या पेटींत परत गेला. आपल्या हातीं त्याचें पहिलें रूप आहे तें कार्डावरचें. कागद पुढें जळाला, भिजला किंवा विकला गेला, तर हेंच रूप जगाची असल होऊन बसेल. भांडारकर संस्थेंत ५ जानेवारी २००४ रोजीं जी नासधूस झाली ती पाहिल्यावर, पक्क्या इमारतींतील संग्रहही सर्वस्वीं निर्भय नाहींत, हें सांगावयास नको. मग खेड्यांतल्या माळ्यावरच्या पेटीची कथा काय!

दुसरा असा कीं, कार्डास गांव, घर, रुमाल यांचें ज्ञान नाहीं. १९९८ मध्यें जपानांत ठरलेल्या एका नियमाप्रमाणें बहुतेक कॅमेरे डी-सी-आय-एम नांवाच्या कप्प्यांत चित्रें ठेवितात आणि प्रत्येकास चार अक्षरें व चार आंकडे यांचें नांव देतात. आंकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात व पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. कित्येक कॅमेऱ्यांत नवें कार्ड घातलें कींही आंकडा पहिल्यापासून चालूं लागतो. म्हणजे केळझरचें ०४१२ आणि दोन महिन्यांनीं भद्रावतीस घेतलेलें ०४१२ हीं दोन निराळीं चित्रें एकाच नांवानें वावरतात.

तिसरा असा कीं, कार्ड हें प्रवासाचें साधन आहे, दप्तरखाना नव्हे. त्यांतील नोंद सूक्ष्म विद्युत्-भाराच्या रूपानें असते आणि तो भार, कार्ड वर्षानुवर्षें तसेंच पडून राहिल्यास, हळूहळू झिरपून जाऊं शकतो. शिवाय बाजारांत खोटीं कार्डें मिळतात. वर ६४ गिगाबाईट छापलेलें असतें, आंत जागा त्याच्या आठव्या हिश्शाएवढीही नसते, आणि ती भरल्यावर नव्या चित्रांस खरी जागाच मिळत नाहीं, क्वचित् तीं जुन्यांवरच लिहिलीं जातात. घरोघर फिरून चित्रें घेण्यापूर्वीं नवें कार्ड एकदां पूर्ण भरून, संगणकांत उतरवून, पारखून घ्यावें.

४. उतरवितांना पुरावा कोठें गळतो

समजा, एक संग्राहक केळझरास गेला. सकाळीं त्यानें टेकडीवरचें देऊळ व आसपासचे कोरीव दगड टिपले. दुपारीं एका घरांत मोडी कागदांचें पुडकें मिळालें, त्यांतले साठ कागद पाठपोट टिपले. म्हणजे कागदांचींच एकशेंवीस चित्रें झालीं. रात्रीं मुक्कामावर तीं संगणकांत उतरवावयाचीं आहेत. येथें पुरावा गळण्याच्या वाटा चार.

पहिली वाट नक्कल करण्याऐवजीं हलविण्याची. संगणकास दोन आज्ञा देतां येतात: चित्राची नक्कल करून मूळ कार्डावर राहूं दे, किंवा चित्र इकडे आण व तिकडून काढून टाक. दुसऱ्या आज्ञेंत असल व नक्कल एकाच क्षणीं पणास लागतात. मध्येंच वीज गेली, तार निसटली, संगणक अडकला, तर कांहीं चित्रें इकडेही नाहींत व तिकडेही नाहींत अशी अवस्था होते. नक्कलेच्या रीतींत असा अपघात झाला तरी असल जाग्यावर असते. एस-डी कार्डाच्या कडेस एक लहान सरकती पट्टी असते. ती खालीं ओढली म्हणजे संगणकास कार्डावर कांहीं लिहितां किंवा पुसतां येत नाहीं. उतरविण्यापूर्वीं ती ओढून ठेवणें हें असल कुलुपांत ठेवण्यासारखें आहे. मोबाईलांतील बारीक कार्डास मात्र ती पट्टी नसते.

दुसरी वाट अर्धवट नक्कलेची. ही मोठी फसवी आहे. चित्राच्या फाईलींत आरंभींच त्याच चित्राची एक चिमुकली प्रतिमा साठविलेली असते, आणि संगणक यादींत बहुधा तीच दाखवितो. फाईल अर्धीच उतरली असली तरी ही चिमुकली प्रतिमा पूर्ण दिसते. मोठें चित्र उघडावें तेव्हां कळतें कीं, कागदाच्या वरच्या दहा ओळी आहेत आणि खालीं नुसता करडा पट्टा. मोडी पत्राच्या खालच्या भागांतच मोर्तब, शेरे व तारीख असावयाचीं. यादीवरून नजर फिरवून ‘सर्व आलीं’ म्हणणें हा मुकाबला नव्हे.

तिसरी वाट नांवांच्या गोंधळाची. वर सांगितलेल्या एकाच आंकड्याचीं दोन चित्रें एका कप्प्यांत आलीं कीं संगणक विचारतो, जुन्याच्या जागीं नवें ठेवूं काय? घाईंत ‘होय’ म्हटलें कीं भद्रावतीच्या दगडानें केळझरचा कागद खाल्ला. दोन कॅमेऱ्यांचीं चित्रें एकत्र करून नांवाच्या क्रमानें लावलीं तर पत्राची पाठ एकीकडे व पोट दुसरीकडे जातें. ज्या कागदाच्या पाठीवर पत्ता व पोंचल्याची मिति आहे, त्याची पाठ हरवली म्हणजे निम्मा कागद हरवला.

चौथी वाट चित्र पाठविण्याची. कित्येकजण संगणकाचा खटाटोप नको म्हणून मोबाईलवरून व्हॉट्सॲपनें चित्रें धाडतात. साध्या रीतीनें धाडलेलें चित्र वाटेंत दाबून लहान केलें जातें व त्याबरोबरची घेतल्या वेळेची नोंदही गळून पडते. मोडीतल्या बारीक वेलांट्या व पुसट शाई ओळखावयाची असते तेथें हें लहान केलेलें चित्र कुचकामाचें ठरतें. पाठवावयाचेंच झालें तर ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावें, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. तसेंच, मूळ फाईल उघडून ती फिरवून, उजळून पुन्हा जतन करूं नये. नेहमींच्या जे-पी-ई-जी चित्रांत प्रत्येक नव्या जतनानें थोडा तपशील घटतो. सुधारणा करावयाच्या त्या दुसऱ्या नक्कलेवर कराव्या.

५. मुकाबला

या चारही वाटा बंद करणारा उपाय जुनाच आहे. पहिल्या पायरीचा मुकाबला संख्येचा: कार्डावर किती फाईली होत्या, संगणकांत किती आल्या, दोन्हींकडे एकूण आकार किती. हें दोन मिनिटांचें काम आहे. दुसऱ्या पायरीचा मुकाबला डोळ्यांचा: प्रत्येक चित्र पूर्ण आकारांत उघडून खालच्या कडेपर्यंत पाहावें. एकशेंवीस चित्रांस अर्धा-पाऊण तास लागतो. परंतु त्यांतच कोणतें चित्र हललें, कोणत्या कागदाची पाठ टिपावयाची राहिली हें कळतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच घरीं पुन्हा जातां येतें. मुकाबला पुण्यास किंवा नागपुरास पोंचल्यावर केला तर ती संधि गेलेली असते.

तिसऱ्या पायरीचा मुकाबला अंकांचा, आणि तो मात्र आमच्या काळाची देणगी आहे. कोणत्याही फाईलीवरून संगणक एका ठराविक गणिती रीतीनें एक लहान खूण काढूं शकतो. तिला हॅश किंवा चेकसम म्हणतात. एस-एच-ए-२५६ नांवाच्या रीतीनें निघणारी खूण ६४ अक्षरांची असते. दोन फाईली अक्षरशः एक असतील तर त्यांच्या खुणा एक येतात. एका बिंदूचा फरक असला तरी खूण सर्वस्वीं पालटते. कार्डावरील फाईलींच्या खुणा व संगणकांतील फाईलींच्या खुणा जुळल्या म्हणजे नक्कल रुजू झाली. हें काम करणारीं साधनें फुकट मिळतात. खुणांची यादी चित्रांबरोबर ठेविली तर वीस वर्षांनींही कोणास तपासतां येईल कीं, मधल्या काळांत यंत्राच्या बिघाडानें किंवा मनुष्याच्या हातानें एकही चित्र बदललेलें नाहीं. महजराच्या सांध्यावरील शिक्का जें काम करी तेंच हें. मर्यादाही तीच: शिक्का जुळला म्हणून महजरांतील हकीकत खरी ठरत नसे, आणि खूण जुळली म्हणून कागद अस्सल ठरत नाहीं. कागदाची परीक्षा अक्षर, शाई, शिक्का व मजकूर यांवरूनच व्हावयाची. खुणेनें एवढेंच सिद्ध होतें कीं, परीक्षकापुढें आलेलें चित्र तेंच आहे जें त्या दिवशीं केळझरास घेतलें.

मुकाबला पुरा झाल्यावांचून कार्ड पुसूं नये, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. आणि चुकून पुसलेंच गेलें तर त्याच घडीस तें कार्ड वापरावयाचें थांबवावें. पुसण्याच्या आज्ञेनें बहुधा यादींतील नोंद तेवढी रद्द होते. चित्राचा मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जागच्या जागीं असतो व योग्य साधनानें परत काढतां येण्याचा संभव असतो. नवीन एक चित्र घेतलें कीं तो संभव तेवढा कमी झाला.

६. तारखेचा प्रश्न

मराठी पत्रांच्या तारखा लावतांना जो त्रास होतो तो आमच्या वाचकांस सांगावयास नको. पत्रांत चंद्र किंवा तिथि असते, सन नसतो. सन असला तर तो शुहूर असतो. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावयाचा, कारण तें वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतें: शुहूर ११६१ चा आरंभ १७६० च्या जूनमध्यें पडतो, आणि त्याच सनांत १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई येते. ही जंत्री ठाऊक नसलेला मनुष्य एक वर्षाची चूक सहज करील.

छायाचित्रांतही हाच पेंच आहे. एका चित्राच्या तीन तारखा असूं शकतात. कॅमेऱ्यानें फाईलीच्या पोटांत लिहिलेली, ती चित्र घेतल्याची. संगणकानें बाहेर लावलेली, ती बहुधा नक्कल केल्याची. आणि शेवटची, चित्रांत फेरफार केल्याची. जो संग्राहक संगणकाच्या यादींतील तारीख पाहून ‘हें चित्र अमुक दिवशींचें’ असें लिहितो, तो नक्कलेची मिति असलेस चिकटवितो. पोटांतली तारीखही निर्दोष नसते. कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली तर त्याचें घड्याळ एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पुन्हा चालूं लागतें. याला उपाय सोपा आहे. प्रत्येक घरीं पहिलें चित्र एका चिठ्ठीचें घ्यावें. चिठ्ठीवर गांव, तालुका, जिल्हा, कोणाच्या संग्रहांतील, त्या दिवसाची तारीख व कितवें पुडकें एवढें स्वच्छ लिहावें. घड्याळ चुकलें असेल तर चिठ्ठीवरून अंतर काढतां येतें, आणि तेंच अंतर पुढच्या सर्व चित्रांस लावतां येतें. ही आमच्या काळची जंत्री.

७. रुमाल आणि परतावा

संगणकांतील कप्प्यास फोल्डर म्हणतात. आम्हांस तो रुमाल म्हणण्यासारखा वाटतो. एका गांवच्या एका घरचीं एका दिवसाचीं चित्रें एका रुमालांत असावीं. त्यांत दुसऱ्या घरचें चित्र मिसळूं नये. रुमालाच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गांव यावें, म्हणजे रुमाल आपोआप कालक्रमानें लागतात. कॅमेऱ्यानें दिलेला आंकडा पुसून टाकूं नये. नवें नांव द्यावयाचें तर जुना आंकडा त्याच्या शेवटीं राहूं द्यावा. पुडक्यांत कागद ज्या क्रमानें होते त्याच क्रमानें चित्रें घ्यावीं व त्याच क्रमानें ठेवावीं. विषयवार लावण्याचा मोह दुसऱ्या नक्कलेवर पुरवावा. आणि चित्रांबरोबर एक साधी यादी असावी, जी कोणत्याही संगणकांत उघडेल व कागदावर छापूनही ठेवितां येईल.

नक्कला किती असाव्या? आमच्या मतें तिहींपेक्षां कमी नसाव्या: एक संगणकांत, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गांवीं. तिन्ही एकाच कपाटांत असतील तर आग, पाणी व चोर यांच्या दृष्टीनें ती एकच होय. केंद्र सरकारनें २००३ मध्यें हस्तलिखितांचें राष्ट्रीय अभियान सुरू केलें, नागपुरास विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून आहे, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. जुने कागद जपण्याची परंपरा आपल्याकडे क्षीण नाहीं. उणीव आहे ती घर आणि संस्था यांमधल्या रस्त्यावर. त्या रस्त्यावर चित्रें एका मनुष्याच्या खिशांतील कार्डांत असतात, आणि तेवढ्या एका रात्रीपुरता तो मनुष्यच दप्तरदार असतो.

शेवटीं सनदेच्या कलमांतलें तिसरें तत्त्व. नक्कल घेतल्यावर असल ज्याची त्याला परत द्यावयाची. छायाचित्राच्या रीतींत कागद घराबाहेर जातच नाहीं, हा तिचा फार मोठा गुण आहे. नक्कलेसाठीं म्हणून घराबाहेर पडलेलीं दप्तरें परत आलीं नाहींत, अशा तक्रारी जुन्या घराण्यांत अजून ऐकूं येतात. परंतु कागद परत ठेविल्यानें सर्व देणें फिटलें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें विश्वासानें पेटी उघडली त्यास त्याच्या कागदांच्या चित्रांची एक पूर्ण नक्कल, यादीसह, मिळाली पाहिजे. यांत सौजन्याखेरीज संशोधनाचाही स्वार्थ आहे. तीन नक्कला आपल्याजवळ असल्या तरी चौथी केळझरांतच राहिलेली बरी. कारण पुढें कोणी विचारलें कीं, हा कागद खरोखर या गांवचा काय, तर त्याचें उत्तर द्यावयास ते घर व ती नक्कल एके ठिकाणीं असतील.

केळझर हें येथें निमित्त आहे. वर्धा, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांत अशीं गांवें पुष्कळ असून त्यांच्या पेट्या व दगड अद्याप पुरते पाहिले गेलेले नाहींत. तेथें जाणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, कॅमेऱ्याच्या किंमतीचा जेवढा विचार होतो तेवढाच कार्ड रिकामें करण्याच्या रात्रीचा व्हावा. आधीं चिठ्ठी, मग नक्कल, मग मुकाबला, मग दुसरी नक्कल, आणि त्यानंतरच कार्ड पुसणें, हा क्रम मोडूं नये. या क्रमानें रुजू झालेलीं चित्रें यादीसह आमच्याकडे आल्यास त्यांची नोंद गांवाच्या व संग्राहकाच्या नांवासह करण्यास आम्ही उत्सुक आहों.